वाकळीतला कॉम्प्युटर

“शनिवारी टेम्पो येणार, आन् आपला कॉम्प्युटर लातूरला जाणार,” सादनं चपला काढायच्या आधीच बातमी सांगून टाकली.

ओट्यावर आंब्याच्या कोयी चोखत बसलेले तिघंही थांबले. साद दहा वर्षांचा. त्याच्या निम्म्या बातम्या खोट्या निघायच्या, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न नेहमीचाच होता. पण ही बातमी त्यानं अब्बांच्या जीपमध्ये बसून ऐकली होती. सलीमचाचांची जीप किल्लारीवरून लातूरला जायची, आणि पुढच्या सीटवर बसलेली मोठी माणसं ड्रायव्हरच्या पोरालाही कान असतात हे साफ विसरून बोलायची.

“कोण म्हणालं?” दामिनीनं विचारलं.

“खुद्द कॉम्प्युटरवाले श्रीमंत सर. म्हणाले, मशीन खराब हाय, सारखं बंद पडतंय. ज्यांनी दिला त्या मुंबईच्या संस्थेला तसं फोनवर सांगून टाकलं म्हणे. आता ते त्यांच्या क्लासमदी ठेवणार. गावातल्या पोरांना शिकायचं असंल तर लातूरला या म्हणाले.”

“मग जाऊ की,” श्रीशैल म्हणाला. “लातूर काय अमेरिकेत आहे?”

तूबानं त्याच्याकडे असं पाहिलं, की श्रीशैलनं कोय तोंडातच ठेवली. तूबा सादची मोठी बहीण, दामिनीच्या वर्गातली, आणि डोळ्यांनी बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. श्रीशैल दामिनीचा मावसभाऊ. लातूरचा राहणारा, सुट्टीला नव्या करंजवाडीत आलेला. त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

नवी करंजवाडी हे भूकंपानंतर वसवलेलं गाव. एकसारखी घरं, सरळ रस्ते, मध्ये समाजमंदिर. जुनी करंजवाडी पाच वर्षांपूर्वी दगडामातीखाली गेली. त्या ढिगाऱ्यातून दामिनीच्या आईला, गुरम्माला, लोकांनी जिवंत बाहेर काढलं. दामिनीचे अप्पा आणि मोठा भाऊ मात्र सापडले ते तसे नाही. तेव्हापासून गुरम्मा वर मजला असलेल्या कुठल्याही घरात पाऊल टाकत नसे, आणि लेकीलाही टाकू देत नसे. सरांचा क्लास लातूरला कापड दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. दामिनीनं एकदा विचारून पाहिलं होतं. “जिन्यावर माझी लेक चढणार न्हाई,” एवढंच गुरम्मा म्हणाली होती, आणि पुढं बोलायला जागाच ठेवली नव्हती.

म्हणजे कॉम्प्युटर गेला, की श्रीशैल शिकणार, गावातली इतर पोरं जीपला लटकून जाऊन शिकणार, आणि दामिनी घरी राहणार. एवढं साधं होतं ते.

“जाऊ द्यायचा न्हाई,” दामिनी म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही. कोय फेकली, हात धुतले आणि परत येऊन बसली. “ते खराब हाय असं सर म्हणतात. कशामुळं खराब हाय ते कुणीच बघितलं न्हाई. आपण बघू.”

“आपण?” श्रीशैल म्हणाला. “आपल्याला काय येतं?”

“तुला तर सगळं येतं म्हणतोस.”

“येतंच. सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी. रोम म्हणजे...”

“मग ते बंद कशामुळं पडतं?”

“ते नोट्समध्ये नाही,” श्रीशैल प्रामाणिकपणे म्हणाला.

लातूरच्या क्लासमध्ये तो वर्षभर जात होता. एका कॉम्प्युटरभोवती अख्खी बॅच उभी राहायची, सर लिहून द्यायचे, पोरं पाठ करायची. माउस हातात यायची पाळी त्याच्यावर एकदाच आली होती, आणि तेवढ्यात लाइट गेली. तूबाचं शिक्षण निराळं. तिनं बुटाच्या खोक्याच्या झाकणावर कीबोर्डची अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि रोज ते झाकण मांडीवर घेऊन ती डोळे मिटून बोटं चालवायची. साद मात्र दिसेल ते बटण दाबायचा. त्यालाही तो शिकणंच म्हणायचा.

करंजवाडीतही सरांचा तास तसाच होता. दर आठवड्याला सर सलीमचाचांच्या जीपमधून यायचे, समाजमंदिरातल्या खोलीत त्या मोठ्या सागवानी टेबलामागं खुर्ची टाकून बसायचे आणि लिहून द्यायचे. कॉम्प्युटर कोपऱ्यात, जमिनीवर. जमिनीवर, कारण या गावात जड वस्तू उंचावर कुणी ठेवतच नाही. फडताळात वर हलकी टोपली, खाली पितळी हंडा. भूकंपानं शिकवलेली ही रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. शिवाय कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात एक बारीक हादरा बसला होता. मग गावातल्या बायांनी एकत्र बसून त्याला वाकळ शिवली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली जाड गोधडी. ती पेटीला चहूबाजूंनी गुंडाळली, वायरी बाहेर काढल्या, बटणापुरतं तोंड मोकळं ठेवलं आणि दाभणानं टाके घालून पक्की शिवून टाकली. पडद्याच्या पाठीलाही तान्ह्या बाळाच्या टोपीसारखं कुंचडं घातलं. सर ते बघून हसले होते. “वा, थंडी वाजणार नाही,” म्हणाले होते, आणि लिहून द्यायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं महानंदाबाईंच्या पुढं उभे राहिले. महानंदाबाई बालवाडीच्या बाई, आणि खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला.

“झाडलोट करतो, बाई. खोली लई घाण झालीया,” तूबा म्हणाली.

“करा. पण चपला बाहेर, हात धुऊन, आन् कुणाला सर्दी हाय का?”

“मला थोडी,” साद म्हणाला.

“मग तू दारातच थांब. सर म्हणालेत, व्हायरस झाला की ते आजारी पडतं. अगोदरच त्याचं बरं न्हाई.”

“बाई, तो व्हायरस वेगळा असतो,” श्रीशैल म्हणाला. “तो फ्लॉपीतून येतो.”

“कुठून का येईना. शेंबूड पुसून घे म्हणावं आदी.”

सादनं सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं आणि बाई डाळ निवडायला वळल्या.

खोली झाडून झाली तेव्हा दामिनीनं बटण दाबलं. पेटी घुरघुरली, पडदा उजळला. तिनं पहिल्या तासाला केलं होतं तसंच बोटानं एकेक अक्षर शोधून आपलं नाव लिहिलं. दाबलं की अक्षर उमटतं, चुकलं की पुसतं, आणि पुसलेलं कुणाला दिसत नाही. तिला हे फार आवडायचं. शाळेच्या वहीत खाडाखोड राहते, बाई ओरडतात. इथं पुन्हा लिहायला कुणी हरकत घेत नाही.

“सर काय म्हणतात, व्होल्टेज कमी पडतं,” ती म्हणाली. “गिरणी चालू झाली की लाइट मंद होते, म्हणून हे बंद पडतं. ते खरं का खोटं ते आदी बघू. साद, तू नीलाबाईच्या गिरणीवर जा. गिरणी चालू झाली की पळत ये.”

“आन् न्हाई झाली तर?”

“तर तिथंच बस.”

साद गेला. हे तिघं पडद्याकडं आणि वरच्या बल्बकडं आळीपाळीनं बघत बसले. तूबा पहिल्यांदाच खऱ्या कीबोर्डवर बोटं ठेवत होती. झाकणावर सरावलेली बोटं आपसूक पडत होती, पण इथं बटणं खाली दबायची, त्यामुळे ती दर अक्षराला दचकायची. बराच वेळ सगळं छान चाललं. मग पडद्यावरचं सगळं थिजलं, आणि काळोख.

वर बल्ब तसाच जळत होता. जरासुद्धा मंद झाला नव्हता.

साद गिरणीवरून आला तो जांभई देत. “नीलाबाई झोपल्यात. गिरणी बंदच हाय.”

“म्हंजे व्होल्टेज नव्हं,” तूबा म्हणाली.

“चुकीचं उत्तर, शून्य मार्क,” श्रीशैल म्हणाला. सरांना शून्य मार्क द्यायला मिळाले म्हणून तो मनातून खूश झाला होता.

दामिनीनं लगेच पुन्हा बटण दाबलं. चालू झाला, आणि नाव लिहून व्हायच्या आत गेला. परत दाबलं, तर पडदाही धड उजळला नाही. दुपारी तसंच. मात्र संध्याकाळी, अंगणात पाणी शिंपडून झाल्यावर, बाईंची मिनतवारी करून पुन्हा लावून पाहिला, तर सकाळसारखाच छान चालला.

“सकाळी चालतो. दुपारी दमतो. लगेच उठवला तर चिडतो. विसावा दिला की ठीक,” दामिनी बोटांवर मोजत म्हणाली. “असं कुणाचं होतं?”

“माझं,” साद म्हणाला.

“थट्टा नक्को रे,” तूबा म्हणाली.

“थट्टा कुठं करून राहिलो? उन्हात क्रिकेट खेळून आल्यावर माझं असंच होतं. अम्मीला विचार.”

दामिनी त्याच्याकडं बघतच राहिली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि कॉम्प्युटर परत बंद पडेपर्यंत तशीच बसून राहिली. पडदा काळा झाल्याबरोबर तिनं वाकळीच्या टाक्यांमधून बोटं आत सारली आणि चटकन बाहेर काढली.

“बगा,” ती म्हणाली.

एकेकानं हात घालून बघितलं. सगळ्यात शेवटी सादनं. “आत भाकरी भाजून राहिलेत का?” तो म्हणाला.

श्रीशैलनं बटणाच्या बाजूनं वाकळ ओढून आत डोळा लावला. “इथं बारीक जाळी आहे. पत्र्याला भोकं पाडलेली. मागं पण आहे. आत पंखा फिरतो त्याची. सगळी झाकली गेलीय.”

“पत्र्याला?” दामिनी म्हणाली.

तिला एकदम ते शेड आठवलं. भूकंपानंतर नवीन घरं होईपर्यंत सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं होतं. उन्हाळ्यात आत बसवत नव्हतं. ती तेव्हा लहान होती, तापानं फणफणली होती, आणि डोक्यावरचा पत्रा तव्यासारखा तापला होता. एक दिवस आईनं कुऱ्हाड घेतली आणि मागच्या पत्र्याला भगदाड पाडून खिडकी केली. सरकारी माणसं ओरडली. आई म्हणाली, पोरगी उकडून मरायला लागल्यावर तुम्ही येणार हाव का?

“हे पत्र्याचं घर हाय,” दामिनी म्हणाली. “त्याला खिडक्या बी हायत. आन् आपल्याच बायांनी त्या शिवून टाकल्यात.”

कोडं सुटलं होतं. पण खरी अडचण आता पुढं होती, कारण ती वाकळ काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. महानंदाबाईंनी ऐकल्याबरोबर कानांवर हात ठेवले. “वाकळ काढायची? हादरा बसला आन् वरून काही पडलं तर? लाखाची वस्तू. मी न्हाई बाई. टाके गुरम्माबाईंनी घातलेत, त्यांना इच्यारा.”

गुरम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप एका लयीत वरखाली होत होतं. दामिनी समोर जाऊन बसली. बाकीचे तिघं कुडाजवळ घुटमळले.

“अव्वा, त्या पेटीची वाकळ सोडायची हाय.”

“कामून?”

“तिला उकडायलंय. म्हणून ती बंद पडती.”

गुरम्मा हसली नाही. “उकडू दे. मोडण्यापरीस उकडलेलं बरं. परवा रात्री भांडी वाजली, ऐकलीस का?”

“ऐकली. अव्वा, शेडात मला ताप आला होता तवा तू पत्रा फोडलास. तवा बी हादरे बसतच होते की. तू म्हणली न्हाईस, उकडू दे पोरीला.”

सूप थांबलं.

दामिनी बोलत राहिली. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. “उद्या टेम्पो येणार. ते मशीन लातूरला जाईल. तिथं जिना हाय. तू मला धाडणार न्हाईस, मला ठाऊक हाय, मी हट्ट बी करणार न्हाई. पण इथं हाय तवर तरी मला शिकू दे. ते खराब न्हाई, अव्वा. आपणच त्याचा जीव कोंडलाय.”

गुरम्मानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “मला काय, तू शिकू नये वाटतं?” ती हळूच म्हणाली. “पण वरनं पडणारं मी बघितलंय. उघडं कसं ठेवू ते सांग. सांग, मग सोडते.”

दामिनीनं कुडाजवळच्या तिघांकडं मान वळवली.

उत्तर तिथूनच आलं. “टेबलाखाली ठेवा की,” साद म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर तो जरा बिचकला. “शाळेत सर दर महिन्याला घंटा वाजवून आम्हाला बाकाखाली घालतात. भूकंप आला की टेबलाखाली जायचं. आपण जातो, तर कॉम्प्युटरनं कशाला बाहेर बसायचं?”

तूबानं भावाच्या पाठीत धपाटा घातला. तिच्या शाबासकीची ती पद्धत होती.

गुरम्मा उठली. पदर खोचला आणि चौघांच्या पुढं समाजमंदिराकडं निघाली. खोलीत जाऊन तिनं ते सागवानी टेबल दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. तसूभर हललं नाही. मग ती चक्क वाकून त्याच्याखाली शिरली, आतून थापा मारून बघितल्या आणि तिथंच बसून राहिली.

“हे जुन्या गावच्या शाळंतलं,” ती आतून म्हणाली. “शाळा पडली, आन् हे तेवढं धड निघालं. मला ठाऊक हाय हे टेबल.” ती बाहेर आली. “दाभण आणा.”

एकेक टाका तिनं स्वतः उसवला. वाकळ फेकली नाही, घडी करून पेटीच्या खाली अंथरली. पेटी टेबलाखाली गेली, पडदाही कुंचडं काढून शेजारी गेला, दोन्हीच्या मागं हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवली. वायरी श्रीशैलनं जोडल्या. त्याला प्रत्येक वायरीचं नाव पाठ होतं, फक्त कुठली कुठं जाते ते माहीत नव्हतं. शेवटी आकारानुसार खटपट करत करत त्यानं ते जुळवलं, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वर्षभराच्या क्लासात तो इतका कधी खूश झाला नव्हता.

त्या रात्री कॉम्प्युटर चालला. पण ऊन उतरल्यावर तो वाकळीतही चालत होताच. खरी परीक्षा भर दुपारची होती, आणि टेम्पो नेमका दुपारीच आला.

श्रीमंत सर पुढच्या सीटवरून उतरले, रुमालानं मान पुसली. “चला, दोन पोरं द्या उचलायला,” ते सरपंचांना म्हणाले. सरपंच मलप्पा, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या मागं निम्मं गाव जमलं होतं.

“सर,” दामिनी पुढं झाली. “आम्हीच उचलून ठेवतो टेम्पोत. पण मशीन खराब हाय ते एकदा सगळ्यांसमोर दाखवा. म्हंजे गावाला बी कळंल.”

सरांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. “दाखवतो ना. चालू करा, आत्ता बंद पडतंय बघा.”

“आन् न्हाई पडलं तर?”

“पडणारच.”

“पर न्हाई पडलं तर, सर?” तूबानं मागून विचारलं.

सर हसले. “मलप्पा अप्पांचं जेवण होईपर्यंत चाललं, तर मी टेम्पो रिकामा घेऊन जाईन. झालं समाधान?”

“सगळ्यांनी ऐकलं,” मलप्पा म्हणाले. “जेवण इथंच आणा रे.”

महानंदाबाईंनी दार उघडलं. सर आत शिरले आणि आपल्या खुर्चीपाशी थबकले. “हे टेबलाखाली कशाला?”

“भूकंप आला की टेबलाखाली, सर,” साद म्हणाला. “शाळेत शिकवलंय.”

लोक हसले. सरही हसले, आणि या वेळीही त्यांनी वाकून बघितलं नाही. ते खुर्चीत बसून राहिले आणि वाट बघू लागले.

चौघं सतरंजीवर पालथे पडून टेबलाखाली तोंड करून होते. दामिनीनं बटण दाबलं. मलप्पांच्या पुढं ताट आलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दामिनीनं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, मग तूबाकडं सरकवलं. तूबानं डोळे मिटले आणि बोटं चालवली. टकटक टकटक. झाकणावरच्या त्या मुक्या कीबोर्डची सगळी मेहनत आता पडद्यावर ओळीनं उमटत होती, आणि दारातली माणसं माना लांब करून बघत होती. मलप्पा धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवायचे, चावायचे, पुन्हा बघायचे. ते मुद्दाम सावकाश जेवत होते की काय, देव जाणे.

मध्येच बाहेर घरघर सुरू झाली. नीलाबाईची गिरणी. वरचा बल्ब मंद झाला, पडदा एकदा लवला. दामिनीनं जमिनीवर तळहात दाबून धरले. बंद पडू नको, ती मनात म्हणत होती, आज नको, हात जोडते. पडदा स्थिर झाला. अक्षरं होती तिथंच होती.

मलप्पांनी हात धुतला, पान लावलं, खाल्लं. कॉम्प्युटर चालूच होता.

सर खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच ते वाकले, मग गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली हात घालून त्यांनी पेटी चाचपली. मागच्या जाळीतून वारा येत होता. “ती गोधडी कुठं गेली?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उमगलं. कान लाल झाले.

“सर, म्हणून दाखवू?” श्रीशैल म्हणाला. “प्रश्न : संगणकाची निगा कशी राखावी? उत्तर : संगणक थंड व हवेशीर जागी ठेवावा. त्याच्या जाळ्या झाकू नयेत. दोन गुण.”

“हे मीच लिहून दिलंय,” सर पुटपुटले.

“हो. आणि मी पाठ केलंय. वाकळीशेजारीही बसलोय. आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, सर.”

खोलीत हशा पिकला. सर चिडतील असं वाटलं होतं, पण ते सतरंजीवरच बसले आणि स्वतःही हसले, जरा ओशाळून. “मी मशीनला हातच लावला नाही,” ते म्हणाले. “बंद पडलं, खराब म्हणून मोकळा झालो. संस्थेला आजच फोन करतो. मशीन ठणठणीत आहे, तपासणारा मात्र हलगर्जी होता असं सांगतो. आणि आता लिहून देणं बंद. मी सांगणार, तुम्ही हातानं करायचं.”

“आन् सर नसतील तवा काय?” मलप्पा म्हणाले. “मशीन वाकळीत शिवून ठेवायचं? न्हाई. महानंदाबाई, रोज खोली उघडायची. पोरांनी वापरायचं, मोडलं तर मी बघतो.” मग त्यांनी चौघांकडं नजर फिरवली. “सगळ्या गावानं व्होल्टेज म्हणून सोडून दिलं. आम्ही मोठी माणसं, आमच्या मनात बी आलं न्हाई बघावं म्हणून. लई मोठं काम केलंत, पोरांनो.” कमी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढं ऐकून साद इतका फुगला, की त्याची सर्दीही थांबली.

सरांनी तूबानं लिहिलेल्या ओळी वाचल्या. “दिवाळीनंतर लातूरला परीक्षा असते,” ते म्हणाले. “या दोघी सहज पास होतील. सर्टिफिकेट मिळेल. पण परीक्षा क्लासमध्येच द्यावी लागते.”

गावाला सगळं ठाऊक होतं. कुणी गुरम्माकडं बघितलं नाही, आणि दामिनीनं तर मुळीच नाही.

“मी न्हाई देणार परीक्षा, सर,” ती लगेच म्हणाली. “मला इथंच पुरे हाय.”

“तू थांब,” गुरम्मा दारातून म्हणाली. ती आत आली. “जिना दगडाचा हाय का सिमेंटचा?”

“सिमेंटचा,” सर म्हणाले.

“किती येळ बसावं लागतं वर?”

“दोनएक तास.”

गुरम्मानं मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता. “मग मी येते संगं. पुढं मी चढंन, माझ्या मागनं ती. तिचं होईस्तोवर मी तिथंच बसते.”

“अव्वा, तू वर येशील?” दामिनीला पुढं बोलवेना. ती उठली आणि सगळ्यांच्या देखत आईच्या कमरेला मिठी मारून रडली. तेरा वर्षांची घोडी झाली तरी रडली, आणि कुणी तिला हसलं नाही.

“येईन की,” गुरम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “भ्यायले तर तुझा हात धरीन. चल, डोळे पूस. सरांना पाणी बी विचारलं न्हाई कुणी, आन् तो टेम्पोवाला उन्हात उपाशी बसलाय.”